तळ्यातल्या ट्राउटला कोणती माशी लावावी?

गुहागरहून एका तरुण वाचकाने विचारलंय. त्याने नवी फ्लाय रॉड घेतली आहे, म्हणजे हुकावर पिसं-दोरा बांधून केलेली किड्याची नक्कल ('माशी') पाण्यात टाकायची काठी. गेल्या वर्षी हिमाचलात तीर्थन नदीवर गाइडबरोबर दोन दिवस काढले, त्यात एक छोटा ब्राउन ट्राउट मिळाला. आता ऑगस्टमध्ये काश्मीरच्या विशनसर, किशनसर, गंगाबल या तळ्यांकडे जायचंय. त्याचे प्रश्न असे: तळ्यात पाणी वाहत नाही, मग माशी टाकायची कुठे? किड्यांच्या कोणत्या नकला बरोबर घ्याव्यात? कोकणात राहून याचा सराव होतो का? आणि मिळालेला मासा ठेवावा की सोडावा?

'कोणती माशी' हा प्रश्न मी जरा मागे ठेवतो. मीही एकेकाळी तोच पहिला समजत होतो आणि त्यापायी दोन हंगाम वाया घालवले.

मी दापोलीकडचा. खाडीत लहानपणापासून गरी टाकलेली, त्यामुळे मासे धरता येतात अशी पक्की समजूत. नोकरीत बदली होऊन सहा वर्षं उटीला काढली. तिथे नीलगिरीतल्या एमराल्ड जलाशयावर परवाना काढून जायला लागलो. एक संध्याकाळ अजून आठवते. वारा पडलेला, पाणी काचेसारखं आणि समोर पन्नास ठिकाणी वलयं उठतायत. माझ्याकडे चार सेंटिमीटर लांबीच्या, चमचम करणाऱ्या माश्या होत्या. एक टाकली, जोरात ओढली. काही नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. अंधार पडेपर्यंत अकरा माश्या बदलून झाल्या. शेवटी परत निघताना लाइन गुंडाळत होतो, तेव्हा एक रेनबो ट्राउट आपणहून येऊन लागला. त्यात माझी हुशारी शून्य.

घरी तो मासा साफ केला. कोकणात आपल्याकडे मासा कापताना पोटात काय निघतं ते बघायची सवय असतेच. बांगड्याच्या पोटात जवळा निघाला की आई सांगायची, जवळा किनाऱ्याला लागलाय. त्याच सवयीने ट्राउटची पिशवी पांढऱ्या बशीतल्या पाण्यात उलटी केली, तर आतून निघाले शेकडो काळे, वाकडे, स्वल्पविरामाएवढे किडे. एकही किडा माझ्या माशीच्या चौथ्या हिश्शाएवढाही नव्हता. मी पुरणपोळी दाखवत होतो आणि मासे शेवया खात होते.

पुढे कळलं की हा शोध माझ्या आधी फार पूर्वी लागलेला आहे. इंग्लंडमधला ब्लॅगडन जलाशय १९०४ साली ट्राउटसाठी खुला झाला. सुरुवातीला लोक तिथे सॅमनसाठीच्या मोठ्या, रंगीबेरंगी माश्याच ओढत असत. पहिल्या महायुद्धानंतर त्या भागात राहायला आलेल्या डॉ. बेल या डॉक्टरांनी पकडलेल्या माशांची पोटं तपासायला घेतली आणि आत जे सापडलं त्याच्या साध्या, बारीक नकला बांधल्या. तळ्यातल्या फ्लाय फिशिंगचं सगळं आधुनिक शास्त्र त्या बशीतून निघालेलं आहे म्हटलं तरी चालेल.

आता तळं आणि नदी यांतला फरक. नदीत मासा दगडाआड, येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून उभा असतो आणि पाणी त्याच्याकडे खाणं घेऊन येतं. तळ्यात पाणी थांबलेलं, त्यामुळे माशालाच खाण्याकडे जावं लागतं. तो गस्त घालतो. किनाऱ्याला समांतर, बऱ्याचदा एकाच वाटेने, बाजारातल्या हवालदारासारखा. म्हणून तळ्यावर पोचल्या पोचल्या रॉड जोडू नका. पोलरॉइड चष्मा लावा, किनाऱ्यापासून चार पावलं मागे बसा आणि पंधरा मिनिटं नुसतं बघा. एकच मासा पुन्हा त्याच दगडाजवळून जाताना दिसला की तुमचं अर्धं काम झालं. तो दूर असताना माशी त्याच्या वाटेवर टाकून ठेवायची आणि तो जवळ आल्यावर ती किंचित हलवायची. माशाच्या डोक्यावर माशी टाकलीत तर तो पळालाच म्हणून समजा.

सकाळी पहिली फेक कधीही लांब करू नका. पहाटे मासे गुडघाभर पाण्यात आलेले असतात. उत्साहाने कंबरभर पाण्यात शिरून वीस मीटरवर माशी टाकणारे लोक ज्या पाण्यात उभे असतात, मासे नेमके तिथलेच पळालेले असतात. नंतर ऊन चढलं की जागा बघायच्या त्या अशा: बर्फाचं पाणी घेऊन ओढा जिथे तळ्यात उतरतो ते तोंड, उथळ पाणी संपून एकदम गडद निळं होतं ती कड आणि पाणवनस्पतींचा काठ. वारा असेल तर समुद्रावर दिसतात तसे तेलकट, गुळगुळीत पट्टे तळ्यावरही दिसतात. पृष्ठभागावरचे किडे वाहत येऊन या पट्ट्यांत आणि त्यांच्या कडेला जमतात, आणि मासे तोंड वाऱ्याकडे करून पट्ट्यापट्ट्याने वर सरकतात. वारा तुमच्या तोंडावर येत असेल तर टाकायला त्रास होतो खरा, पण खाणं त्याच काठाला साचतं. मी पाठीवर वारा घेऊन आरामात टाकणाऱ्यांपैकी होतो. आता नाही.

खाण्याकडे वळू. तळ्यातल्या ट्राउटच्या खाण्यात सगळ्यांत भरवशाचा किडा म्हणजे चिलटासारखा दिसणारा, पण न चावणारा कायरोनोमिड. आपल्याकडे संध्याकाळी तळ्याकाठच्या दिव्याभोवती घोंगावतात त्यांतले बरेचसे हेच. याच्या अळ्या तळाच्या चिखलात राहतात. कित्येक जातींच्या अळ्या लालभडक असतात, कारण त्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं. प्राणवायू कमी असलेल्या चिखलात त्यामुळेच त्यांचं निभतं. अळीचा कोश झाला की तो चिखल सोडून अगदी सावकाश वर येऊ लागतो. पाण्याच्या पापुद्र्याखाली येऊन लटकतो, पाठ फुटते आणि पंख असलेलं चिलट बाहेर पडून उडून जातं. या वर येण्याच्या प्रवासात तो निराधार असतो. पळता येत नाही, लपता येत नाही. ट्राउट तोंड उघडं ठेवून त्यांच्यातून नुसता पोहत जातो.

माझ्या बशीतले स्वल्पविराम म्हणजे हे कोश. त्यांची नक्कल बांधायला पाच मिनिटं लागतात. १२ किंवा १४ नंबरचा वाकडा हूक, काळ्या दोऱ्याचं बारीक अंग, त्यावर चांदीच्या बारीक तारेचे चार-पाच वेढे, डोक्याशी थोडा फुगवटा आणि पांढऱ्या लोकरीचा इवलासा झुपका. खऱ्या कोशाच्या डोक्याशी कल्ल्यांचे पांढरे तंतू असतात, झुपका त्यांच्याकरता. वरून वॉर्निशचे दोन हात. काळ्या, ऑलिव्ह आणि लाल-तपकिरी अशा तीन रंगांच्या प्रत्येकी चार बांधा. इंग्रज याला 'बझर' म्हणतात.

बांधायला सोपी, टाकायला त्याहून सोपी, पण वापरायला भलतीच अवघड, कारण काहीच न करणं आपल्याला जमत नाही. तरंगती लाइन, चार-साडेचार मीटरचा लीडर (लाइन आणि माशी यांच्यामधली बारीक दोरी), आडव्या वाऱ्यात फेक. माशी बुडू द्या. मग वारा लाइनला कमान देत हळूहळू नेईल, तेवढीच तिची चाल. तुम्ही फक्त सैल पडलेली लाइन डाव्या हाताच्या बोटांत आठच्या आकड्यासारखी गोळा करत राहायची, माशीशी संबंध तुटू नये इतकीच. एक मीटर गोळा करायला अर्धं मिनिट लागलं पाहिजे. मला सुरुवातीला हे जमावं म्हणून मी मनात रामरक्षा म्हणत असे. दोन श्लोकांत एक मीटर, हे प्रमाण बरोबर बसतं.

मासा लागतो तेव्हा धक्का बसेल याची वाट पाहू नका. खाडीत बोटावर दोरी धरून गरवताना मासा आधी चाखतो आणि मग ओढतो, तो फरक तुमच्या बोटांना ठाऊक असेल. इथे बहुतेक वेळा फक्त चाखणंच असतं. लाइनच्या टोकाची कमान किंचित सरळ होते, किंवा वाहत चाललेली लाइन क्षणभर थबकते. तेवढ्यावर रॉड उचलायची. शंका आली तरी उचलायची.

वलयं वाचायला शिका. मासा वर आल्यावर पाण्यावर बुडबुडा राहिला, तर त्याने पृष्ठभागावरचं काहीतरी हवेसकट गिळलं. पाणी नुसतं फुगल्यासारखं झालं, पाठ किंवा शेपटी दिसली पण बुडबुडा नाही, तर तो पापुद्र्याखालचे कोश खातोय. त्या एमराल्डच्या संध्याकाळी पन्नास वलयांत एकही बुडबुडा नव्हता. मी तेव्हा वलयं मोजत होतो, वाचत नव्हतो.

दुसरा महत्त्वाचा किडा म्हणजे टाचणी, चतुराची सडपातळ बहीण. तिचं पाण्यातलं पिल्लू पूर्ण वाढलं की किनाऱ्याकडे पोहत येतं, गवताच्या काडीवर चढतं आणि कात टाकून उडतं. म्हणजे त्याचा प्रवास खोल पाण्याकडून काठाकडे असतो आणि तुम्ही काठावर उभे राहून माशी ओढता तीही त्याच दिशेने येते. किड्याची दिशा आणि माशीची दिशा इतकी सहज जुळण्याचे प्रसंग थोडे. पिल्लू अंग वळवळत पोहतं, मध्येच दमून थांबतं. म्हणून १० नंबरच्या हुकावर ऑलिव्ह रंगाच्या मऊ माराबू पिसाची शेपटी लावायची, चार बोटांचे तीन-चार ओढे द्यायचे आणि थांबायचं. मासा बहुधा त्या थांब्यातच घेतो. चतुराचं पिल्लू जाडजूड. ते मागच्या बाजूने पाण्याची पिचकारी मारून पुढे उसळतं. त्याची नक्कल तळालगत, एक झटका आणि लांब विसावा अशी चालवायची. या दोघांचा मुख्य उपयोग नीलगिरीसारख्या, गवत असलेल्या जलाशयांवर. साडेतीन हजार मीटरच्या वरच्या तळ्यांवर मी तरी भर कायरोनोमिडवर आणि कॅडिसवरच देतो.

कॅडिसची अळी वाळूचे कण, काटक्या चिकटवून स्वतःभोवती नळी बांधते आणि ती ओढत तळाशी फिरते. दगड उलटा करून बघा, सापडेल. उडणारा किडा ओळखायची खूण म्हणजे बसताना पंख आपल्या कौलारू घराच्या छपरासारखे मिटतात. संध्याकाळी हा पाण्यावरून खरडत जातो, म्हणून याची तरंगती नक्कल, एल्क हेअर कॅडिस, थोडी ओढलेली चालते. बाकी कोरड्या, म्हणजे तरंगत्या माश्यांना ओढू नका. मेफ्लायसाठी वेगळा डबा भरायची गरज नाही. तिच्या पिल्लाकरता फेझंट टेल निम्फ पुरते, ती इंग्लंडमधल्या फ्रँक सॉयर या नदीरक्षकाने बांधलेली. पृष्ठभागासाठी अॅडम्स नावाची तरंगती माशी. मेफ्लाय हा एकच कीटक असा की पंख फुटल्यावरही एकदा पुन्हा कात टाकतो. आणि प्रौढ झाल्यावर काही खात नाही, त्याला खाण्याजोगं तोंडच उरलेलं नसतं. कुरणांवरून वारा सुटला की मुंग्या, भुंगेरे पाण्यात पडतात, त्यासाठी १४ नंबरच्या दोन काळ्या मुंग्या ठेवा.

बस्स. एकूण वीस-बावीस माश्या, एका चपट्या डब्यात. उंचावरच्या तळ्यांवर वर्षातले बरेच महिने बर्फ असतं, तिथल्या माशाला थोड्या उन्हाळ्यात पोट भरायचं असतं, तो फार चिकित्सा करत बसत नाही. माझा क्रम असा आहे: आधी खोली, मग चाल, मग आकारमान, मग घडण, आणि सगळ्यांत शेवटी रंग. मासे दिसतायत पण घेत नाहीत, तेव्हा माशी बदलायच्या आधी तीच माशी अर्धा मीटर खाली घाला. तरीही नाही, तर निम्म्या वेगाने ओढा. मग डबा उघडा.

खोली मोजायची कशी? मनात आकडे मोजून. इंटरमीजिएट नावाची सावकाश बुडणारी लाइन सेकंदाला साधारण तीन ते पाच सेंटिमीटर जाते. पहिल्या फेकीला दहापर्यंत मोजून ओढा, दुसरीला वीस, तिसरीला तीस. कुठे मासा लागला तो आकडा लक्षात ठेवा. माशीला शेवाळ लागून आलं तर तळ गाठला, पाच आकडे कमी करा.

सामानाचं थोडक्यात. नऊ किंवा दहा फुटी, ५ किंवा ६ वजनाची (म्हणजे त्या नंबरची लाइन पेलणारी) रॉड नदीवर आणि तळ्यावर दोन्हीकडे चालते. तुमची ५ ची असेल तर नवी घेऊ नका. टिपेट, म्हणजे लीडरचं माशीकडचं बारीक टोक, ४ एक्स आणि ५ एक्स. हा आकडा अकरातून वजा केला की जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. म्हणजे ५ एक्स सहा हजारांश, सुमारे ०.१५ मिलिमीटर. हुकाच्या नंबराला तीनाने भागलं की साधारण जुळणारं टिपेट येतं. १४ च्या माशीला ५ एक्स, १२ च्या माशीला ४ एक्स.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर मला जास्त बोलायचंय, कारण लोक कोकणाला उगाच कमी लेखतात.

कोकणात ट्राउट नाही आणि होणारही नाही. त्याला दहा ते सोळा अंशांचं पाणी मानवतं, विसाच्या वर तो कासावीस होतो, पंचविशीच्या आसपास रेनबोसुद्धा मरायला टेकतो. आपल्या धरणांचं वरचं पाणी उन्हाळ्यात तिशीला जातं. शिवाय पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी. समुद्रसपाटीला दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर मावतो, तीस अंशांना साडेसातच. तेव्हा 'शेततळ्यात ट्राउट सोडू का' असं विचारणाऱ्यांना हेच उत्तर. आणि मासा जगलाच असता तरी सोडू नये असं मी म्हणेन. बाहेरून आणलेल्या चिलापीने (तिलापियाने) आपल्या तळ्यांत काय केलं ते समोर आहे.

पण ट्राउट नसला म्हणून काय, त्याचं जेवण आपल्याकडे भरपूर आहे. कायरोनोमिड, टाचण्या, चतुर, मेफ्लाय, कॅडिस ही सगळी घराणी कोकणातल्या तळ्यांत, ओढ्यांत नांदतात. मालवणजवळचा धामापूरचा तलाव १५३० साली बांधलेला आहे. त्याच्या काठी हिवाळ्यातल्या सकाळी गळ न घेता नुसतं तासभर बसा. काडीवर चढणारी टाचणी, पापुद्र्याला लटकलेले कोश, पाण्यावर पडलेली रिकामी कात, सगळा अभ्यासक्रम तिथे दिसतो. घराजवळच्या कुठल्याही पाझर तलावावर चहाची गाळणी आणि पांढरी ताटली घेऊन जा. काठचा चिखल गाळणीत धुवा, लाल अळ्या मिळतील. त्या ताटलीत कशा वळवळतात, कोश किती सावकाश वर येतो, टाचणीचं पिल्लू किती वेळाने थांबतं, हे एकदा डोळ्यांत बसलं की माशी कशी चालवायची हे कोणी शिकवायला नको. ही एक गोष्ट मी उटीला जायच्या आधी केली असती तर ते दोन हंगाम वाचले असते.

मासा लावून सराव करायचा तर चिलापी उत्तम. ती बारीक बझर घेते, तोंडात धरते आणि थुंकते, तीही अगदी क्षणात. लाइनचं थबकणं ओळखायची तिच्याइतकी कडक मास्तरीण दुसरी नाही. पण धरणांवरचे मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने दिलेले असतात, मासे त्यांनी बीज सोडून वाढवलेले असतात. आधी त्यांना जाऊन भेटा, विचारा. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. 'एवढ्याशा पिसाने मासा लागतो होय?' असं हसून चहा मात्र पाजलाय.

पाण्यात शिरण्याबद्दल दोन गोष्टी. वाशिष्ठी आणि सावित्री या नद्यांत मगरी आहेत, तिथे गुडघाभर पाण्यातही उभं राहायचं नाही. आणि पावसाळ्यात पायाला जखम असताना अनवाणी चिखलात जायचं नाही, लेप्टोचा ताप आपल्या भागात दरवर्षी असतो.

मृगाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी वाळवीला पंख फुटून पाखरं उठतात, तेव्हा तळ्याकाठी दिव्याजवळ जाऊन उभे राहा. पाण्यावर पाखरांचा सडा पडतो आणि तळ्यातला प्रत्येक मासा वर येतो. बुडबुड्याची वलयं कशी दिसतात ते बघायला याहून चांगली वेळ नाही. मात्र त्याच दिवसांत ओढ्यांना चढणीचे मासे लागतात. ते अंड्यांनी भरलेले असतात. लोक धरतात, मला माहीत आहे, माझ्या घरीही खाल्ले जात. फ्लाय रॉड घेऊन मात्र मी त्यांच्यामागे जात नाही.

फेकण्याचा सराव. नेहमीच्या गळाला शिशाचं वजन असतं, ते दोरीला खेचून नेतं. इथे माशीला वजनच नाही, वजन लाइनमध्ये. ५ नंबरच्या लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं वजन १४० ग्रेन, म्हणजे नऊ ग्रॅमच्या आसपास. हे वजन मागे पूर्ण उलगडलं की मगच रॉड पुढे आणायची. खाडीवर पाग टाकणाऱ्याला बघा. तो जोर करत नाही, जाळं अंगाभोवती फिरून सुटायची वेळ साधतो. तीच लय. मान वळवून मागची लाइन सरळ झालेली डोळ्यांनी बघा, पहिले सहा महिने तरी. हूक न लावता लोकरीचा तुकडा बांधून घरापुढच्या खळ्यात रोज वीस मिनिटं पुरे. पिवळी लोकर नको, आमच्या कोंबड्या तिच्यामागे धावत असत आणि एकीने ती गिळलीही. सड्यावर सराव करू नका, जांभा दगड लाइनचं आवरण तासून काढतो. पुळणीवरही नको, वाळू आणि खार रीळमध्ये जाते. भातकापणीनंतरच्या शेतात धसकटं असतात. शाळेचं गवताळ मैदान मिळालं तर सोनं.

माश्या स्वतः बांधा. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं कोकणात फुकट आहेत. सावरीचा कापूस दोऱ्यावर वळून अंग केलं की कोरडी माशी छान तरंगते, तो कापूस पाणी धरत नाही. मोराचं गळलेलं पीस मिळालं तर त्याचे तंतू निम्फच्या छातीला लागतात. पण सह्याद्रीतल्या रानकोंबड्याच्या पिसांना हात लावायचा नाही. त्याच्या मानेवरची मेणाचे ठिपके पडल्यासारखी चकचकीत पिसं जुन्या विलायती सॅमन माश्यांत लागत आणि त्यापायी हा पक्षी आपल्या जंगलांतून बेसुमार मारला गेला. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. कोणी 'जंगल कॉक' म्हणून विकायला आणलं तर घेऊ नका.

खाडीतला जिताडा आणि तांबोशी हा वेगळा विषय. त्याला ८ वजनाची रॉड, जाड टिपेट आणि माशाच्या आकाराची माशी लागते. तिथे जोरात ओढणं चालतं. पण ट्राउटला जायच्या आधीचे दोन महिने खाडीवर जाऊ नका. हाताला लागलेली ओढायची सवय तळ्यावर तुमचा घात करेल. माझा केलेलाच आहे.

शेवटचा प्रश्न, ठेवावा की सोडावा. काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट मूळचा नाही. १८९९ साली ब्रिटनहून आणलेली पहिली अंडी वाटेत मेली, १९०० साली पाठवलेली पिल्लं जगली आणि त्यांची पिलावळ तिथल्या पाण्यात पसरली. मत्स्य खात्याचा परवाना आधी काढा. किती मासे ठेवता येतील आणि कोणत्या पाण्यावर जाता येईल ते त्यावर लिहिलेलं असतं, तेच शेवटचं. माझं स्वतःचं म्हणाल तर हुकाचा काटा पकडीने आधीच दाबून ठेवतो, हात ओले करून मासा पाण्यातच धरतो आणि हूक काढतो. उंचावरच्या तळ्यात मासा वाढायला फार वर्षं लागतात. एखादा खोल गिळून रक्त आलेला असेल, तो सुटून जगणार नाही, तेवढाच ठेवतो. तो कापताना पोट बशीत उलटं करायचं विसरत नाही.

चवीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगतो. उटीला असताना एकदा मोठ्या कौतुकाने दोन रेनबो घरी नेले. बायकोने त्रिफळं घालून कालवण केलं, आम्ही जेवलो. ताट उचलताना ती म्हणाली, "आजाऱ्याला द्यायला बरा आहे हो मासा." दुसऱ्या दिवशी तिने मंगळूरहून येणाऱ्या गाडीतले बांगडे आणले.